क्रॅपीसाठी दोन तलाव कंपेअर करताय? या चुका टाळा

क्रॅपी म्हणजे इथे अमेरिकेत गळाने पकडतात तो गोड्या पाण्यातला मासा. मार्च आला की मेम्फिसमधल्या आमच्या मराठी ग्रुपवर एकच चर्चा, या शनिवारी कुठे, खाली मिसिसिपीतल्या सार्डिस, एनिड, ग्रेनेडा या धरणांवर की वर टेनेसीतल्या रीलफूट तलावाला? मग कोणीतरी बादलीभर क्रॅपीचा फोटो टाकतं आणि सगळे त्याच तलावावर पळतात, आणि अर्धे जण रिकाम्या हाताने परत येतात. हे दरवर्षी बघून वाईट वाटतं म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तारखेवरून ठरवणं. मी देवगडकडचा, लहानपणी खाडीत गरवायला जायचो, तिथे तिथी कळली की भरती-ओहोटी कळते आणि आजूबाजूच्या सगळ्या खाड्यांना जवळपास तेच गणित लागू पडतं. ती सवय इथे चालत नाही. क्रॅपी अंडी घालायला किनाऱ्याला येते ती पाणी साधारण ६० ते ६८ फॅरनहाइटला पोचलं की, आणि ते प्रत्येक तलावात वेगळ्या वेळी पोचतं. फ्लोरिडात ओकीचोबी तलावाला जानेवारी-फेब्रुवारीतच हे सुरू होतं, मिनेसोटात मे उजाडतो. म्हणून तिकडच्या टॅम्पाच्या मित्राने फेब्रुवारीत फोटो पाठवला तर त्याचा आपल्या शनिवारशी काहीही संबंध नाही. रीलफूट आणि केंटकी लेक एकाच पट्ट्यात आहेत तरी फरक पडतो, कारण रीलफूट १८११-१२ च्या भूकंपात जमीन खचून झालेला उथळ तलाव, सरासरी खोली ५ फुटांच्या आसपास, दोन दिवस ऊन पडलं की तापतो आणि थंड वारं आलं की तितक्याच पटकन गारही होतो. केंटकी लेक धरणाचा, खोल, त्याला दोन्हीला वेळ लागतो.

आणि टेम्परेचर नुसतं वरचं घेऊ नका. एकदा एनिडवर दुपारी फिशफाइंडरवर (होडीवरचं मासे शोधायचं यंत्र, ते वरच्या पाण्याचं टेम्परेचरही दाखवतं) ६२ दिसत होतं म्हणून तीन तास पाण्यातल्या झुडपात जिग (शिशाच्या डोक्याची गरी लावलेलं छोटं नकली आमिष) टाकत बसलो, एकही चावा नाही. शेवटी तंगुसाला छोटा थर्मामीटर आणि शिसं बांधून ८ फुटांवर सोडला, दोन मिनिटं ठेवून झटकन वर ओढला तर ५४! मासे अजून तलावाच्या आत शिरलेल्या फाट्याच्या तोंडाशी खोल पाण्यातच होते, तिथे गेल्यावर तासाभरात नऊ मिळाले. दोन तलाव कंपेअर करायचे तर एकाच वेळी, एकाच खोलीवर मोजलेला आकडा घ्या, सकाळचा एक आणि दुपारचा दुसरा असं चालणार नाही.

दुसरी गोष्ट, क्रॅपी म्हणजे एकच मासा नाही. व्हाइट आणि ब्लॅक अशा दोन जाती. पाठीच्या पराचे टोकदार काटे मोजा, ५-६ असतील तर व्हाइट, ७-८ असतील तर ब्लॅक. अंगावरच्या ठिपक्यांवरून ओळखायला गेलात तर फसाल, विणीच्या काळात व्हाइटचा नरसुद्धा काळपट होतो. व्हाइटला गढूळ पाणी चालतं, म्हणून मिसिसिपीच्या या धरणांमध्ये ती मस्त वाढते, १९५७ साली एनिडमध्येच ५ पौंड ३ औंसाची विश्वविक्रमी व्हाइट क्रॅपी मिळाली होती. ब्लॅकला जरा नितळ पाणी आणि गवत लागतं. गढूळ ग्रेनेडावर ज्या रंगाच्या जिगने आणि ज्या खोलीवर मासे मिळाले तेच सेटिंग नितळ पाण्यात ब्लॅकसाठी लावलं आणि मासे नाहीत म्हणून तलावाला नावं ठेवली, असं खूप होतं.

पाणी किती गढूळ हे सांगतानाही नुसतं "थोडं गढूळ आहे" लिहू नका, त्यातून समोरच्याला काही कळत नाही. पांढरा जिग हळूहळू खाली सोडा आणि दिसेनासा झाला की तंगूस पकडून मोजा, फूटभर की तीन फूट. आणि हे वाऱ्याच्या आडोशाला आणि वारा आदळतो त्या किनाऱ्याला, दोन्हीकडे करा, कारण एकाच तलावात दोन वेगळे आकडे येतात.

पाण्याच्या लेव्हलचं (समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचं) गणित तर बहुतेक जण करतच नाहीत. ग्रेनेडाचं पाणी हिवाळ्यात १९३ फुटांवर उतरवतात आणि उन्हाळ्यात २१५ पर्यंत भरतात, म्हणजे २२ फुटांचा फरक. केंटकी लेक ३५४ ते ३५९, फक्त ५ फूट. आता "दोन फूट चढलंय" हे वाक्य दोन्हीकडे सारखं कसं असेल? केंटकी लेकवर दोन फुटांनी किनाऱ्याची झुडपं पाण्यात येऊ शकतात, ग्रेनेडावर मार्चमध्ये दोन फूट चढूनही नुसती चिखलाची जमीन भिजलेली असते. आदल्या दिवशी ही धरणं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थांच्या, म्हणजे आर्मी कोअरच्या (मिसिसिपीची धरणं) किंवा टीव्हीएच्या (केंटकी लेक) साइटवर आजची लेव्हल तर बघाच, पण मागच्या आठवड्यात ती चढतेय की उतरतेय हेही बघा. माझ्या अनुभवात हळूहळू चढणारं पाणी चांगलं, मासे त्याच्याबरोबर झुडपात शिरतात, पटकन उतरायला लागलं की तेच मासे बाहेरच्या खोल कडेला जाऊन बसतात.

किती मासे मिळाले या आकड्यावरूनही घाईने ठरवू नका, नियम वेगळे असतात. टेक्सासच्या लेक फोर्कवर डिसेंबर ते फेब्रुवारी पकडलेली प्रत्येक क्रॅपी ठेवावीच लागते, छोटी असली तरी, कारण खोल पाण्यातून वर ओढल्यावर पोटातली हवेची पिशवी फुगते आणि सोडली तरी बरीचशी जगत नाहीत. एरवी तिथे १० इंचाखालची ठेवता येत नाही. म्हणजे जानेवारीतली भरलेली बादली आणि एप्रिलमधली भरलेली बादली एकसारखी नाही. जाताना त्या वर्षीचा नियम नक्की वाचा.

सगळं नीट बघून गेलात तरी चावत नसेल तर आधी फक्त खोली बदला, रंग आणि जागा नंतर. क्रॅपी सहसा वरच्या बाजूला बघून खाते, जिग तिच्या खाली गेला की बहुतेक वेळा तिचं लक्ष जात नाही, म्हणून फिशफाइंडरवर मासे १० फुटांवर दिसत असतील तर ८-९ वर ठेवा. तंगुसावरचं तरंगणारं बूच हलतंय पण मासा वर येत नाही, असं असेल तर दोष तलावाचा नाही. तिचं तोंड कागदासारखं पातळ, जोरात झटका दिला की फाटतं आणि गरी सुटून येते. रॉड नुसता शांतपणे उचला, ताण कायम ठेवा आणि खालून जाळी घाला, रॉडने उचलून होडीत घेऊ नका. सुटलेले मासेही वहीत लिहा, कारण त्या दिवशी त्या तलावावर चावे चालू होते हे पुढच्या वेळी ठरवताना कामाला येतं.