केमो चालू आणि बाहेर कोरोना: घरात काय सांभाळायचं

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझी स्तनाच्या कॅन्सरची केमो चालू होती. डोंबिवलीत वन रूम किचन, माणसं चार.

सगळ्यात आधी थर्मामीटर. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या सगळ्यात खाली जाते. कालनिर्णयवर त्या तारखांना गोल करून ठेवा. ताप १००.४ फॅरनहाइटला टेकला, की रात्रीचे दोन वाजलेले असोत, डॉक्टरांना फोन. त्यांना विचारल्याशिवाय तापाची गोळी घेऊ नका. ताप दबतो, संसर्ग आत वाढतच राहतो. ‘कोरोनाच असेल, बघू दोन दिवस’ हे तर अजिबात नको. फाइल, औषधांची यादी, आधार कार्ड एका पिशवीत दाराशीच टांगलेलं.

बाहेरून येणाऱ्याने आधी साबणाने हात धुवायचे, मग बोलायचं. खिडक्या उघड्या. कुणाला सर्दी झालीच तर त्याने मास्क लावून स्वयंपाकघरात झोपायचं, टॉवेल वेगळा. बाहेरची चटणी, कापून ठेवलेली फळं बंद. गरम वरणभात उत्तम.

केमोची तारीख मात्र घाबरून स्वतःच पुढे ढकलू नका, डॉक्टरांना विचारा. भेटायला येणाऱ्यांना बिनधास्त नाही म्हणा. काकू रुसतात. रुसू देत, व्हिडिओ कॉल आहेच.