५,६५,६३,४१६ चे मूळ अवयव हाताने कसे पाडायचे

संख्येला विभाजक किती, त्यांची बेरीज किती, ती पूर्ण वर्ग आहे का, हे सगळं मूळ अवयव हाती आले की चार ओळींत निघतं. मेहनत असते ती अवयव पाडण्यात.

सुरुवात २ पासून. शेवटचे तीन अंक ४१६, त्यांना ८ ने भाग जातो, म्हणजे संख्येलाही जातो. ४१६ ला १६ नेही भाग जातो आणि नेमकं इथेच फसायला होतं. १६ साठी शेवटचे चार अंक बघावे लागतात. ३४१६ ला १६ ने भागल्यावर बाकी ८ उरते. तेव्हा २ चा घात ३ च. भागाकार ७०,७०,४२७.

मूळ संख्येच्या अंकांची बेरीज ३६, म्हणून ९ ने भाग जातो. २७ ने जातो की नाही, हे या बेरजेवरून कळत नाही. ९ ने भागून ७,८५,६०३ मिळाले की पुन्हा बेरीज करा: २९. म्हणजे ३ संपला. (संख्येला तिच्याच अंकबेरजेने, ३६ ने, भाग जातो. अशा संख्यांना देवळालीच्या द. रा. कापरेकरांनी ‘हर्षद’ नाव दिलं.)

५ चा प्रश्नच नाही. ७, ११, १३ एकदम तपासता येतात, कारण ७ × ११ × १३ = १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि आलटून पालटून वजा-अधिक करायचं. आपले लाख-कोटींचे स्वल्पविराम आधी पुसा, नाहीतर गट चुकतात. ७८५ आणि ६०३: फरक १८२, म्हणजे २ × ९१. ७ आणि १३ ने भाग जातो, ११ ने नाही. ९१ ने भागून उरले ८६३३.

ही संख्या दिसायला अगदी मूळ वाटते. ९३ चा वर्ग ८६४९, म्हणून ८९ पर्यंतच्या मूळ संख्या तपासायच्या. ८३ पर्यंत एकही लागत नाही, आणि कंटाळून तिथेच थांबलात तर उत्तर चुकलं. त्यापेक्षा फर्माची रीत वापरा. वर्गमुळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्या, तिच्या वर्गातून संख्या वजा करा: ८६४९ − ८६३३ = १६, हा ४ चा वर्ग. म्हणून अवयव ९३ − ४ आणि ९३ + ४, म्हणजे ८९ आणि ९७. दोन अवयव जवळजवळचे असले तरच ही रीत इतकी झटपट लागते.

५,६५,६३,४१६ = २³ × ३² × ७ × १३ × ८९ × ९७

प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार: ४ × ३ × २ × २ × २ × २ = १९२ विभाजक. सगळे घातांक सम नाहीत, म्हणून पूर्ण वर्ग नाही. विभाजकांची बेरीज १५ × १३ × ८ × १४ × ९० × ९८ = १९,२६,२८,८००. इथला १५ म्हणजे १+२+४+८. त्यातला १ विसरला की पुढचं सगळं बिघडतं.

पडताळा एक्सेलमध्ये घेत असाल तर १५ अंकांपुढच्या संख्या टाकू नका. सोळाव्या अंकापासून तिथे शून्यं येतात.