एकत्र खेळणाऱ्या कुत्र्यांच्या गळ्यात कोणता पट्टा असावा

दोन कुत्रे मस्तीत आले की त्यांचा खेळ बहुतेक वेळा एकमेकांच्या मानेभोवतीच चालतो. मानेची सैल कातडी तोंडात धरणे, गालांना लटके चावे घेणे, एकमेकांना उताणे पाडणे हे सारे निकोप खेळाचेच प्रकार आहेत. अडचण एवढीच की आपण पट्टाही नेमका तिथेच बांधतो. एकाचा खालचा जबडा किंवा सुळा दुसऱ्याच्या पट्ट्याखाली शिरतो, अडकलेला कुत्रा घाबरून लोळण घेतो आणि त्या एका लोळणीतच पट्ट्याला पीळ बसतो. मग एकाचा गळा आवळला जातो, दुसऱ्याचा जबडा पिळात अडकून राहतो, आणि सुटण्यासाठी दोघे जितके ओढतात तितका पीळ घट्ट होत जातो. बघणाऱ्याला वाटते की खेळाचे भांडण झाले. तो दोघांना ओरडून दूर ओढू लागतो आणि नेमके जे करायला नको तेच करून बसतो.

म्हणून पट्टा निवडताना आधी एक गोष्ट पक्की करावी: फिरायला नेण्याचा पट्टा आणि खेळण्याचा पट्टा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. रस्त्यावर पट्टा सुटता कामा नये, तर खेळताना तो वेळेला सुटलाच पाहिजे. या दोन्ही अपेक्षा एकाच पट्ट्याकडून ठेवणे व्यर्थ आहे, आणि ‘मजबूत’ म्हणून कौतुकाने आणलेला जाड पट्टाच खेळाच्या वेळी अधिक धोक्याचा ठरतो.

बंदिस्त आवारात किंवा घरात, माणसाच्या डोळ्यांदेखत खेळ चालणार असेल, तर गळ्यात काहीच नसणे हा माझ्या मते सर्वांत उत्तम पर्याय आहे. कुत्रा हरवला तर ओळख कशी पटणार, हा त्यावरचा आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर गळ्याऐवजी त्वचेखाली बसवलेल्या मायक्रोचिपमध्ये शोधावे. तांदळाच्या दाण्याएवढ्या या चिपवर साधारणपणे 15 अंकी क्रमांक असतो आणि तो स्कॅनरने वाचता येतो. मात्र त्या क्रमांकाची नोंद मालकाच्या चालू फोन नंबराशी जोडलेली नसेल, तर चिप असून नसल्यासारखीच.

पट्टा ठेवणे भागच असेल, तर ‘ब्रेकअवे’ म्हणून ओळखला जाणारा, ठरावीक ताण पडताच आपोआप उघडणारा पट्टा घ्यावा. त्याच्या खटक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक कडी असते. खेळताना या कड्या मोकळ्या राहतात, त्यामुळे ओढ बसली की खटका सुटतो. फिरायला नेताना दोरीचा हूक दोन्ही कड्यांत मिळून अडकवला की ताण खटक्यावर न येता कड्यांवर येतो आणि पट्टा सुटत नाही. हूक चुकून एकाच कडीत अडकवला, तर रस्त्यात पहिल्याच हिसक्याला कुत्रा मोकळा होईल, हे घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवावे. खटका किती ताणाला उघडतो हे कुत्र्याच्या वजनाशी जुळले पाहिजे, कारण मोठ्या कुत्र्यासाठी बनवलेला खटका लहान पिल्लाच्या ओढीने उघडेलच असे नाही. विकत आणल्यावर तो आधी एखाद्या भरलेल्या बरणीभोवती किंवा जाड उशीभोवती बांधावा, त्याखाली लाकडी पळी घालून पीळ द्यावा आणि सुटतो की नाही हे पाहावे. केस, माती आणि वाळलेली लाळ खटक्यात साचली की तो अडकू लागतो, म्हणून ही परीक्षा महिन्यातून एकदा तरी पुन्हा घ्यावी. नुसते इलॅस्टिक लावलेला पट्टा याला पर्याय होत नाही. तो ताणला जातो, पण सुटत नाही.

साध्या पट्ट्यांत बक्कल कोणते आहे याला महत्त्व आहे. कमरेच्या पट्ट्यासारखे, भोकात काटा घालण्याचे बक्कल उघडण्यासाठी पट्टा आधी आणखी आवळावा लागतो. पीळ बसलेल्या गळ्यावर ते अशक्यच असते. दोन्ही बाजूंनी दाबून उघडणारे बक्कल त्याहून बरे, पण तेही ताणाखाली जाम होऊ शकते, म्हणून विकत घेण्यापूर्वी दुसऱ्या माणसाला पट्टा जोरात ताणून धरायला सांगावे आणि एका हाताने उघडता येते का ते पाहावे.

ओढल्यावर आवळत जाणारे सर्व प्रकार, म्हणजे चोक चेन, सरकफासाचे पट्टे आणि आतून काटे असलेले पट्टे, दुसरा कुत्रा जवळ येण्यापूर्वीच काढून ठेवावेत. धातूची साखळी तर कात्रीने कापताही येत नाही. हार्नेसमुळे, म्हणजे गळ्याऐवजी छाती-पाठीभोवती बांधायच्या पट्ट्यांच्या साजामुळे, गळा आवळण्याचा धोका कमी होतो, पण त्याच्या पट्ट्यांत जबडा किंवा पाय अडकून मोडू शकतो. त्यामुळे ‘हार्नेस आहे, मग चिंता नाही’ हा समज खरा नाही. लोंबणारा बिल्ला पिंजऱ्याच्या गजांत किंवा लाकडी फटीत अडकतो, तेव्हा नाव आणि फोन नंबर पट्ट्यावरच शिवून घेणे चांगले. गोचिडांसाठीचा औषधी पट्टा घातला असेल, तर दुसऱ्या कुत्र्याने तो चघळला तर त्यातले कीटकनाशक त्याच्या पोटात जाऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे.

मापाबाबत, मान आणि पट्टा यांच्यामध्ये आपली दोन बोटे आडवी जेमतेम शिरावीत. सैल पट्टा सुरक्षित असतो असे वाटते खरे, पण जबडा शिरायला जागा तिथेच मिळते. वाढत्या पिल्लाचे माप दर आठवड्याला तपासावे.

एवढे करूनही कुत्रे अडकलेच, तर त्यांना एकमेकांपासून ओढू नये. उलट जवळ आणावे, म्हणजे ताण कमी होतो. घाबरलेला कुत्रा ओळखीच्या माणसालाही चावतो, म्हणून हात तोंडापासून दूर, मानेच्या मागच्या बाजूने न्यावा. दुसरा माणूस हाताशी असेल तर प्रत्येकाने एकेक कुत्रा धरावा आणि हलक्या कुत्र्याला पिळाच्या उलट दिशेने फिरवावे. बक्कल उघडत नसेल तर पट्टा कापावा. त्यासाठी बोथट टोकाची, जाड कापड कापणारी कात्री खेळाच्या जागी हाताला येईल अशी टांगून ठेवावी. स्वयंपाकघरातल्या सुरीच्या भरवशावर मात्र राहू नये. धडपडणाऱ्या कुत्र्याच्या गळ्याशी उघडे पाते नेणे हा दुसराच अपघात ठरतो.

सुटल्यावर कुत्रा शेपटी हलवू लागला तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे, कारण गळा आवळल्यानंतर काही तासांनीही फुप्फुसांत पाणी साचू शकते. हिरड्या पांढुरक्या किंवा निळसर दिसणे, खोकला, घरघर, डोळ्यांत रक्त उतरणे यांपैकी काहीही दिसल्यास क्षणभरही थांबू नये. ज्याचा जबडा अडकला होता त्याच्याकडे या गडबडीत हमखास दुर्लक्ष होते. त्याचेही दात, जीभ आणि जबड्याचा सांधा तपासून घ्यावा.