हेअरलूम टोमॅटोचं बी धरताय, वाटताय? मग या चुका टाळा

हेअरलूम म्हणजे पिढ्यान्पिढ्या बी राखून जपलेली जुनी व्हरायटी. सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, टोमॅटोत क्रॉस झालेला असेल, म्हणजे दुसऱ्या व्हरायटीचा पराग बसलेला असेल, तर तो या वर्षीच्या फळात दिसत नाही. तुमच्या झाडावरचा चेरोकी पर्पल अगदी अस्सलच दिसणार, तसाच जांभळट, चवही तीच, कारण फळाचा गर आईच्या झाडाचा असतो, पण आतल्या बियांमध्ये शेजारच्या कुंडीतल्या चेरी टोमॅटोचा पराग येऊन बसलेला असू शकतो. आणि हे कळतं कधी, तर तुम्ही ज्यांना बी दिलं त्यांनी ते लावून, तीन-चार महिने पाणी घालून, काठ्या बांधून पहिलं पिकलेलं फळ हातात घेतल्यावर. तोवर त्यांनी ते बी अजून चार जणांना दिलेलं असतं. म्हणून मी म्हणते, नुसतं खायला टोमॅटो लावत असाल तर काय वाट्टेल ते करा, पण दुर्मिळ व्हरायटीचं बी धरून वाटणार असाल तर जरा शिस्त पाळा.

"टोमॅटोत क्रॉस होतच नाही"

हे हमखास ऐकायला मिळतं आणि ते अर्धंच खरं आहे. टोमॅटोच्या फुलात पुंकेसर एकमेकांना चिकटून एक पिवळी नळी तयार होते, स्त्रीकेसर त्या नळीच्या आत असतो, त्यामुळे बहुतेक फुलं स्वतःच्याच परागावर धरतात. पण सगळ्या व्हरायटींची फुलं अशी बंद नसतात. ब्रँडीवाइनसारखे बटाट्याच्या पानासारखी पानं असलेले टोमॅटो, अगदी बारीक फळांचे करंट टोमॅटो, आणि मोठ्या बीफस्टेक टोमॅटोंची सुरुवातीची ती जाडजूड जोडफुलं, यांच्यात बऱ्याचदा स्त्रीकेसराचं टोक नळीबाहेर डोकावतं. त्यात आपल्याकडे निळ्या पट्ट्यांच्या जंगली माश्या आणि मोठे काळे भुंगे आहेत, ते फुलाला लटकून अंग थरथरवतात आणि पराग झाडून घेतात (मधमाशीला हे जमत नाही), आणि पुढच्या मिनिटाला दुसऱ्या कुंडीवर जातात. टेरेसवर आठ-दहा व्हरायटी दोन-दोन फुटांवर ठेवलेल्या असतील तर नशिबावर हवाला ठेवू नका.

उपाय एकदम स्वस्त आहे. हळदीकुंकवाला वाण द्यायला जाळीच्या ऑर्गन्झा पोटल्या मिळतात ना, त्याच. कळ्यांचा घोस उमलायच्या आधी पोटलीत घालायचा. इथेच जास्त लोक चुकतात, फूल पूर्ण उघडल्यावर पोटली बांधतात, तेव्हा भुंगा येऊन गेलेला असतो, त्यामुळे घोसात एखादं उमललेलं फूल असेल तर ते सरळ खुडून टाका. पोटलीत कीटक जात नाहीत आणि वाराही कमी लागतो, म्हणून रोज सकाळी दहाच्या सुमाराला देठाला दोन-चार टिचक्या मारा, इलेक्ट्रिक टूथब्रश असेल तर तो देठाला टेकवला तरी चालतं. फळं वाटाण्याएवढी झाली की पोटली काढायची आणि त्या देठाला लगेच रंगीत लोकर बांधायची. लगेच म्हणजे लगेच. नंतर बांधू म्हणून राहिलं की झाडावर कुठलं फळ पोटलीतलं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि घरात सगळ्यांना त्या लोकरीचा अर्थ सांगून ठेवा नाहीतर बियाला राखलेलं फळ कोशिंबिरीत जातं.

पोटलीशिवाय धरलेलं बी टाकून द्या असं नाही. फक्त वाटताना पुडीवर "ओपन, पोटली नाही" असं स्पष्ट लिहा, घेणारा काय ते ठरवेल.

एक फार उपयोगी खूण सांगते. बटाट्यासारखं सपाट, कातरे नसलेलं पान हा गुण मागे राहणारा आहे, क्रॉस झाला की नेहमीचं कातरलेलं पान वर येतं. म्हणजे पिंक ब्रँडीवाइन पेरलं आणि ट्रेमध्ये वीस रोपांत तीन रोपं कातरलेल्या पानांची आली, तर ती तीन क्रॉस झालेली आहेत किंवा बी मिसळलंय, तिसरी शक्यता फारशी नसते. खरी पानं चार-पाच आली की हे कळतं, फळाची वाट बघायची गरजच नाही. फक्त रेड ब्रँडीवाइनला हा नियम लावू नका, त्याची पानं मुळातच साधी असतात, आणि चेरोकी पर्पल, ब्लॅक क्रिम यांचीही. त्यामुळे आपल्या व्हरायटीचं पान कसं असतं ते आधी माहीत करून घ्या.

बाजारातल्या टोमॅटोचं बी

मंडईतला छान लालभडक टोमॅटो चिरला, बी काढलं, "देशी बियाणं" म्हणून वाटलं, हे सर्रास चालतं. मंडईतला आजचा बहुतेक टोमॅटो हायब्रीड असतो, त्याचं बी उगवतं पण पुढच्या पिढीत गुण फुटतात, एक झाड असं तर दुसरं तसं. अर्का रक्षक हे नाव तर गच्चीवर बाग करणाऱ्या सगळ्यांच्या तोंडी असतं, पण तेही हायब्रीडच आहे. सरळ वाण, म्हणजे बी धरलं तरी तसाच उगवणारा, हवा असेल तर पुसा रुबी, अर्का विकास, राहुरी कृषी विद्यापीठाचे धनश्री आणि भाग्यश्री, ही नावं लक्षात ठेवा, यांचं बी वर्षानुवर्षं धरता येतं. हे हेअरलूम नाहीत, पण बी धरायची सवय लावायला यांच्याइतकं चांगलं काही नाही, दुर्मिळ बी हातात यायच्या आधी एक सीझन यांच्यावर हात बसवा.

सीझन चुकला की झाडाचा दोष नसतो

"माझा ब्रँडीवाइन नुसता वाढतोय, फुलं येतात आणि गळतात." हा प्रश्न मार्च-एप्रिलमध्ये पावसासारखा येतो. दिवसा पारा ३२-३५ अंशांच्या वर आणि रात्री २१-२२ च्या वर राहिला की टोमॅटोचा पराग नीट काम करत नाही, फूल गळतं, मग तुम्ही बोरॉन फवारा नाहीतर ताक फवारा. आपले गावठी बारीक आंबट टोमॅटो अशा उन्हातही बऱ्यापैकी धरतात, पण पाव-अर्धा किलोचं फळ देणारे परदेशी हेअरलूम नाही धरत. पुणे-नाशिककडे ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये ट्रेमध्ये बी टाका, महिन्याभरात रोपं मोठ्या कुंडीत, म्हणजे फुलं थंडीत उमलतील आणि जानेवारी-फेब्रुवारीत फळं पिकतील. मुंबई-कोकणात थंड रात्री मोजक्याच मिळतात, तिथे मध्यम आणि छोट्या फळांच्या व्हरायटी घ्या, मोठ्या बीफस्टेकच्या मागे लागून दुर्मिळ बी वाया घालवू नका. आणि हो, कुठलंही दुर्मिळ बी सगळंच्या सगळं एकदम पेरू नका, निम्मं डब्यात ठेवा.

जाता जाता अजून दोन. फळाचं बूड काळं पडणं हा रोग नाही, पाणी कधी खूप कधी नाही असं झालं की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, सॅन मार्झानोसारख्या लांबट टोमॅटोत जास्त दिसतं. पाणी नियमित करा, अशा फळाचं वरच्या भागातलं बी चालतं. दुसरं, ग्रीन झेब्रा पिकला तरी लाल होत नाही, हिरव्यावर पिवळट झाक येते आणि दाबलं की मऊ लागतो. लोक लाल व्हायची वाट बघतात आणि फळ झाडावरच सडतं.

बियासाठी कुठलं फळ, कुठलं झाड

खायला आपण थोडं अर्धकच्चं काढतो, बियाला ते चालत नाही, फळ झाडावर पूर्ण पिकून किंचित मऊ व्हायला हवं. पण अति ठेवलं तर बियाला फळातच मोड येतात. आणि सगळ्यात मोठं फळ दिसलं की त्याचंच बी धरायचा मोह टाळा, झाड बघा. पान, उंची, फळाचा आकार त्या व्हरायटीला साजेसा आहे का, झाड निरोगी आहे का. जमलं तर चार-पाच झाडांचं बी एकत्र करा, म्हणजे एखादं झाड आतून वेगळं निघालं तरी व्हरायटी हातची जात नाही.

रोगाच्या बाबतीत मात्र भीड बाळगू नका. चुरडामुरडा, म्हणजे बोकड्या, पांढऱ्या माशीमुळे येतो, त्यासाठी पिवळे चिकट सापळे आणि रोपं लहान असताना बारीक जाळी. पण पानांवर हिरवे-पिवळे ठिपक्यांचे पट्टे, म्हणजे मोझॅक दिसला, तर त्या झाडाचं बी अजिबात वाटू नका. टोबॅको मोझॅक आणि त्याच्या जातकुळीतले व्हायरस बियाच्या सालीवरून पुढे जातात, आणि हातांवरूनही, म्हणून तंबाखू मळणाऱ्यांनी साबणाने हात धुतल्याशिवाय रोपांना शिवायचं नाही. माळीकाका असतील तर त्यांना नीट समजावून सांगा.

यातच परदेशी बियाचा विषय येतो. मुलगी अमेरिकेत आहे, ती पाकिटात घालून पाठवते, किंवा कुणी बॅगेतून आणतं. भावना समजते, पण २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार बाहेरून बी आणायला परवाना आणि रोगमुक्त असल्याचं सर्टिफिकेट लागतं. त्याला कारणही तसंच आहे, टोमॅटो ब्राउन रुगोज फ्रूट व्हायरस २०१४-१५ च्या सुमाराला इस्राएल आणि जॉर्डनमध्ये सापडला आणि बियाबरोबर देशोदेशी गेला. आपल्याकडे नारायणगाव, पिंपळगावच्या पट्ट्यात हजारो घरं टोमॅटोवर चालतात. तुमच्या गच्चीवरच्या एका पुडीसाठी त्यांना धोक्यात घालू नका. भारतातच बी धरणाऱ्यांकडे आता बरेच हेअरलूम आहेत, तिथून घ्या.

आंबवणं आणि वाळवणं

टोमॅटोच्या बियाभोवती जो चिकट गर असतो त्यात बी उगवू न देणारी द्रव्यं असतात, ती घालवायला बी आंबवतात. इंग्रजी व्हिडिओ बघून लोक चार-पाच दिवस ठेवतात, आपल्या हवेत ते फार झालं. पुण्याच्या जानेवारीत दोन-तीन दिवस, मार्चमध्ये दीड-दोन दिवसही पुरतात. वाटीत गर आणि बी, पाणी जवळजवळ नाहीच, वरून फडकं. पाणी जास्त घातलं की बी वाटीतच मोड काढतं. वर पांढरी साय धरली, आंबूस वास आला आणि बी बोटात घेतल्यावर बुळबुळीत लागेनासं झालं की थांबा. मग भरपूर पाणी ओता, चांगलं बी खाली बसतं, पोकळ बी आणि साय वर येते, ती ओतून टाका, दोन-तीनदा असं करून चहाच्या गाळणीत नळाखाली चोळून धुवा.

वाळवताना टिश्यू पेपर किंवा वर्तमानपत्र नको, बी असं चिकटतं की सुटतच नाही. चिनी मातीची बशी घ्या, पातळ पसरा, सावलीत, पंख्याच्या थेट झोताखाली नको कारण वाळलेलं बी हलकं असतं आणि शेजारच्या बशीत उडून जातं. दिवसातून दोनदा बोटांनी मोकळं करा. उन्हात तापलेलं स्टीलचं ताट तर अजिबात नको. आठ-दहा दिवसांनी बी करडं, लवदार दिसतं, आणि दुमडलं तर वाकायच्या ऐवजी तुटतं, तेव्हा ते वाळलं.

आणि प्रत्येक बशीखाली नावाची चिठ्ठी, पेन्सिलने लिहिलेली. कुंडीतल्या लेबललाही पेन्सिलच, परमनंट मार्कर आपल्या उन्हात दोन-तीन महिन्यांत उडून जातो आणि मग ऐन फळं आल्यावर "हे ब्लॅक क्रिम की चेरोकी?" सुरू होतं. सगळं बी एकसारखंच दिसतं हो, नाव गेलं की व्हरायटी गेली.

साठवताना शत्रू दोन, ओल आणि उष्णता. बियातली ओल एक टक्का कमी झाली की आयुष्य साधारण दुप्पट होतं, तापमान पाच अंशांनी उतरलं की पुन्हा तसंच. म्हणून कागदी पुडी, पुड्या काचेच्या घट्ट बरणीत, बरणीत सिलिका जेल, आणि बरणी फ्रिजच्या आत, दारात नको. निळी जेल गुलाबी झाली की बदला. जेल नसेल तर कोरडे भाजून गार केलेले तांदूळ फडक्यात बांधून टाका. फ्रिजमधून काढलेली बरणी लगेच उघडू नका, दोन-तीन तास बाहेर राहू द्या, नाहीतर पावसाळ्यात आत घाम धरतो. एवढं सांभाळलं तर टोमॅटोचं बी पाच-सात वर्षं आरामात उगवतं.

वाटताना

चेरोकी पर्पल आज आपल्याला मिळतो तो एका चिठ्ठीमुळे. १९९० मध्ये टेनेसीच्या जे. डी. ग्रीन यांनी क्रेग लहूलिए या बी जपणाऱ्या माणसाला एका जांभळट टोमॅटोचं बी पोस्टाने पाठवलं, त्याला नाव नव्हतं, पण हे बी शेजाऱ्यांकडचं आणि त्याही आधी चेरोकी लोकांकडून आलेलं असं सोबत लिहिलं होतं. त्यावरून लहूलिएंनी नाव ठेवलं आणि पुढे बी वाटत गेले. तेव्हा पुडीवर नुसतं "ब्लॅक टोमॅटो" लिहून मोकळे होऊ नका. व्हरायटीचं पूर्ण नाव, कुणाकडून आलं, कुठल्या वर्षीचं, कुठे पिकवलं, पोटली होती का. आणि नाव माहीत नसेल तर "नाव माहीत नाही, अमुक गावच्या आजींकडून" असं लिहा, अंदाजाने एखादं प्रसिद्ध नाव चिकटवू नका.

गावाकडची बारीक भेदरं, परसातले आंबट गावठी टोमॅटो यांनाही हेच लागू. आपण परदेशी नावांच्या मागे धावतो आणि आजीच्या परसातलं बी तिच्याबरोबर जातं, हे मला फार लागतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती अशाच गावठी बियाण्यासाठी. आणि कायद्याचं विचाराल तर २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा हक्क दिलाय, फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही.

वाटायच्या आधी उगवण तपासा. ओल्या कापडात दहा दाणे गुंडाळून झिपलॉकमध्ये आठवडाभर ठेवा, सातच्या खाली उगवले तर पुडीत जास्त दाणे घाला आणि तसं सांगा. एका पुडीत वीस-पंचवीस दाणे द्या, पाच दाण्यांत काही होत नाही. पोस्टाने पाठवताना पुडी दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवा, नुसत्या पाकिटात शिक्का मारताना दाणे चिरडतात.

आणि तुमच्याकडची एकमेव व्हरायटी असेल तर निदान दोन जणांना द्या, शक्यतो वेगवेगळ्या गावांत. तुमची रोपं एका वर्षी बोकड्याने गेली तर बी त्यांच्याकडून परत मिळतं. उलट, तुमच्या बियातून कुणाकडे भलतंच फळ निघालं असं कळलं तर त्या वर्षीचं बी ज्यांना ज्यांना दिलं त्या सगळ्यांना फोन करा, यासाठी कुणाला काय दिलं याची वही ठेवा, आणि जुन्या वर्षाच्या राखून ठेवलेल्या पुडीतून त्यांना पुन्हा बी पाठवा.