फॉरमॅट मारण्याआधीचा तास

लग्नसराईचे दिवस होते. पत्रिका आणि बॅनर करणाऱ्या एका ताईंचा डेस्कटॉप आमच्या सांगलीच्या दुकानात आला. बटण दाबलं की कंपनीचा लोगो यायचा, मग काळा पडदा आणि त्यावर एकच ओळ: बूट करायला (सुरू व्हायला) डिव्हाइस सापडत नाही. आयटीआय करून मला दुकानात लागून तीन महिने झाले होते. ताई म्हणाल्या, "माझं सगळं काम डीला आहे, सीमध्ये काही नाही." मी लगेच सी ड्राइव्हवर नवीन विंडोज टाकली आणि दुपारपर्यंत मशीन घरी पाठवलं.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. फायली सगळ्या जागेवर होत्या, पण '॥ श्री गणेश प्रसन्न ॥'च्या जागी टक्क्याची चिन्हं, कंस आणि इंग्रजी अक्षरं दिसत होती. त्यांचं कित्येक वर्षांचं काम युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत होतं, म्हणजे इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार चढवणाऱ्या; तो फॉन्ट नसला की आतली इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. ते फॉन्ट सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरात होते आणि मी ते पुसले होते.

दोन दिवसांनी मशीन पुन्हा दारात. तोच काळा पडदा. दुकानाच्या मालकांना आम्ही काका म्हणतो. त्यांनी बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डचा प्रोग्राम, उघडून मला तारीख दाखवली. घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं होतं. पहिल्या दिवशी मीही ती तारीख पाहिली होती, पण तिचा अर्थ मला कळला नव्हता. वीज नसताना घड्याळ आणि सेटिंग सांभाळणारा मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला होता. ताई रात्री भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करायच्या, की बायोसची सेटिंग उडायची आणि मशीन विंडोज असलेली एसएसडी (वेगवान डिस्क) सोडून डेटाच्या हार्ड डिस्कवर विंडोज शोधत बसायचं. काकांनी सेल बदलला, बूटचा क्रम लावला, दहा मिनिटांत मशीन चालू. विंडोज टाकायची गरजच नव्हती. ताईंच्या जुन्या सीडींतून बरेच फॉन्ट परत मिळाले, चार-पाच मिळाले नाहीत. त्या फॉन्टांतल्या पत्रिका त्यांना नव्याने टाइप कराव्या लागल्या.

या कामात नवीन असाल, किंवा घरचा कॉम्प्युटर स्वतः दुरुस्त करायला बसत असाल, तर हे तुमच्यासाठी लिहितोय. विंडोज टाकणं तुम्ही दोन दिवसांत शिकाल. शिकायचं आहे ते त्याच्या आधीचं.

आधी माणसाला बोलू द्या. काल रात्रीपर्यंत चालत होतं का? अपडेट चालू असताना लाइट गेली का? लॅपटॉप पडला का? नवीन रॅम कोणी बसवली का? लोक 'विंडोज उडाली' म्हणतात, कारण त्यांना तोच शब्द माहीत असतो. आपण ते निदान समजायचं नाही.

मग मशीन कुठपर्यंत जाऊन थांबतं ते पाहा. पडद्यावर काहीच येत नसेल, नुसते बीप येत असतील, तर विंडोजचा संबंध नाही. वीज काढून रॅम बाहेर काढा, तिचे सोनेरी संपर्क स्वच्छ खोडरबराने हलक्या हाताने पुसा, चुरा झटका आणि क्लिपा टक् आवाज करेपर्यंत पुन्हा बसवा. लोगो येऊन गाडी अडत असेल तर बायोसमध्ये जा आणि डिस्क दिसते का ते बघा. दिसतच नसेल तर केबल, स्लॉट किंवा डिस्क स्वतः. दिसत असेल तर तारीख आणि बूटचा क्रम. फिरणारे ठिपके येऊन निळा (नव्या विंडोज ११ मध्ये काळा) एररचा पडदा आला, तरच संशय विंडोजकडे वळवायचा. तिथेही, सेटिंग उडून सॅटाचा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून दुसरीकडे गेला असेल तर तसाच पडदा येतो आणि मोड पूर्ववत केला की जातो.

हार्ड डिस्क टक-टक करत असेल तर तिथेच थांबा. तपासणीच्या कमांडा चालवू नका, पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका. डेटा मोलाचा असेल तर ग्राहकाला स्पष्ट सांगून डेटा रिकव्हरीवाल्यांकडे पाठवा. डिस्क नुसती संथ झाली असेल तर लिनक्स या मोफत सिस्टिममधलं डीडीरेस्क्यू हे डिस्क कॉपी करायचं साधन वापरतो मी. ते आधी चांगला भाग उचलतं आणि खराब जागांकडे नंतर वळतं.

आता डेटा. माझ्याकडे एक पेनड्राइव्ह कायम उबुंटू या लिनक्सचा असतो. त्यावरून मशीन चालू करायचं, 'इन्स्टॉल' न करता 'ट्राय' निवडायचं. आतल्या डिस्कला धक्का न लावता सगळे फोल्डर समोर येतात आणि बाहेरच्या डिस्कवर कॉपी करता येतात. उबुंटू जवळ नसेल तर विंडोजच्या सेटअपमध्येच शिफ्ट आणि एफ १० दाबा, काळी खिडकी उघडेल. तिथे नोटपॅड टाइप करा, फाइल, ओपन, आणि खाली 'सगळ्या फायली' निवडा. त्या छोट्या चौकटीतून फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी-पेस्ट होतं. किती टक्के झालं ते दिसत नाही, म्हणून मोठा डेटा असेल तर मी त्याच काळ्या खिडकीत रोबोकॉपी ही कॉपीची कमांड चालवतो. आणि इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात. ज्याला ग्राहक सी म्हणतो तो इथे डी दिसेल. नावावर जाऊ नका, आत काय आहे ते उघडून बघा.

'सीमध्ये काही नाही' असं सांगणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा डेस्कटॉप भरलेला असतो, आणि डेस्कटॉप सीमध्येच असतो. डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स तिथेच. दुकानदाराचा टॅलीचा डेटा फोल्डर कुठे आहे ते विचारून, बघून, मग उचला. डिजिटल सही लागणाऱ्यांचा टोकन (सहीचा यूएसबी) कोणत्या कंपनीचा आहे ते लिहून ठेवा, ड्रायव्हर पुन्हा लागेल. आणि मराठीत काम करणाऱ्या माणसाचे फॉन्ट. विंडोज १० च्या २०१८ मधल्या अपडेटपासून साध्या डबल क्लिकने टाकलेले फॉन्ट त्या युजरच्या ॲपडेटामधल्या लपलेल्या फोल्डरात जातात, म्हणून सीमधला विंडोजचा फॉन्ट फोल्डर आणि हा, दोन्ही तपासा. डीटीपीचं (छपाईची पानं मांडण्याचं) मशीन असेल तर मी सगळ्यात आधी फॉन्टच उचलतो.

एसएसडीवर चूक झाली तर परतीची वाट जवळपास नसते. पुसलेली जागा ट्रिम या सोयीमुळे ड्राइव्ह स्वतःच मोकळी करून टाकतो आणि रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरला रिकामी पानं मिळतात. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप, असू शकतो. तेव्हा डिस्क उघडायला ४८ आकडी रिकव्हरी की लागते, आणि ती बहुतेक वेळा ग्राहकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती मिळेपर्यंत पुढे सरकू नका. 'ईमेल कोणता होता आठवत नाही' म्हणणाऱ्याला घरी जाऊन शांतपणे शोधू द्या, दोन दिवस लागले तरी चालतील.

कॉपी झाल्यावर चार-पाच फायली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. मग दुरुस्तीचा प्रयत्न करा. स्टार्टअप रिपेअर चालवा, नुकतंच आलेलं अपडेट काढून बघा, बूटच्याच फायली गेल्या असतील तर बीसीडीबूट ही कमांड त्या पुन्हा लिहून देते. यातून मशीन उठलं तर माणसाचे प्रोग्राम, प्रिंटर, सवयी सगळं जागेवर राहतं.

नाही उठलं, तर नवी विंडोज. हा भाग सोपा आहे, भराभर सांगतो. दुसऱ्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजचा पेनड्राइव्ह बनवणारं मीडिया क्रिएशन टूल घ्या. निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो आणि त्यावरचं सगळं पुसलं जातं. पेनड्राइव्हवरून चालू करताना बायोसमधला क्रम कायमचा बदलू नका, एकदाच लागणारा बूट मेनू वापरा. डेल, लेनोवोवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९. क्रम बदलून ठेवला तर पहिल्या रीस्टार्टला मशीन पुन्हा पेनड्राइव्हवर जातं आणि नवशिका तोच सेटअप तीनदा करत बसतो.

दोन डिस्क असतील तर डेटाच्या डिस्कची केबल काढून ठेवा. चुकून तीच पुसली जाण्याचा धोका टळतो, आणि बूटच्या फायली तिच्यावर जाऊन बसत नाहीत. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या काही लॅपटॉपांत सेटअपला डिस्क दिसतच नाही. पहिल्यांदा घाम फुटतो, पण डिस्क ठणठणीत असते. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या आणि 'लोड ड्रायव्हर'मधून द्या. पार्टिशन (डिस्कचे भाग) पुसण्याच्या पडद्यावर मात्र हात माउसवरून काढा, डिस्कचा आकार मोठ्याने वाचा आणि मगच क्लिक करा. मी आजही वाचतो.

प्रॉडक्ट की मागितली तर 'माझ्याकडे की नाही' निवडा. विंडोज ८ च्या काळापासून कंपनीची विंडोज असलेल्या लॅपटॉपांत की बायोसमध्येच असते, नेट लागलं की विंडोज आपोआप सक्रिय होते. मात्र जी आवृत्ती आधी होती तीच टाका, होमच्या जागी प्रो टाकली तर अडेल. वायफायचा ड्रायव्हर नसेल तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. क्रॅक (परवान्याशिवाय विंडोज चालवणारी फाइल) बसवून द्या असं कोणी म्हटलं तर मी नाही म्हणतो. अँटिव्हायरस बंद करायला लावणारी फाइल त्या मशीनवर घालायची, ज्यावर माणूस उद्या बँकेचं काम करणार आहे, हे मला पटत नाही.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो, इंटेलमध्ये ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा. त्यापेक्षा जुनं मशीन आलं आणि काम फक्त ब्राउझर, पत्रं, व्हिडिओ एवढंच असेल, तर मी लिनक्स मिंट दाखवतो. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात तयार मिळतो. टॅली किंवा डीटीपीवाल्याला मात्र ते सुचवत नाही, त्याचं पोट ज्या सॉफ्टवेअरवर आहे ते तिथे अडतं.

सराव करायचा तर जुन्या बाजारातून एक बंद डेस्कटॉप घ्या आणि मुद्दाम बिघडवा. सेल काढा, बूटचं पार्टिशन पुसा, रॅम अर्धवट बसवा. प्रत्येक वेळी पडद्यावर काय येतं ते वहीत तारखेसकट लिहा. माझी तिसरी वही चालू आहे.

मशीन परत देताना मी ते दोनदा पूर्ण बंद करतो, वायर काढून पाच मिनिटं ठेवतो, मग चालू करतो आणि तारीख बरोबर आहे का बघतो. कॉपी केलेला डेटा महिनाभर दुकानातल्या डिस्कवर कुलपात ठेवून मग पुसतो, आणि हे ग्राहकाला आधीच सांगतो. शेवटी खुर्ची त्यांना देतो. "ताई, तुमची एक जुनी फाइल उघडा." त्या उघडतात, वरच्या ओळीतलं 'श्री' नीट उमटलेलं दिसतं, मग मी बिल करतो.