मृगाआधी कुरणात दोन फुटांचा खड्डा घ्या

नांदूरमधमेश्वरच्या कालव्यांखाली, निफाड-येवला भागात ज्यांच्याकडे काळ्या जमिनीचं कुरण किंवा चराऊ पडीक आहे, त्यांनी मृगाचा पाऊस लागायच्या आत, खालचा थर बघायला, एक खड्डा घ्यावा. दोन फूट खोल, माणूस उकिडवा बसेल एवढा. बाकीची कामं मागेपुढे झाली तरी चालतील. एकदा पावसाने खालची माती फुगली की खड्ड्यात काहीच दिसत नाही, आणि वर्ष गेलं.

हे परत परत सांगावं लागतं, कारण कुरण दरवर्षी एकाच चुकीने जातं. वरची वीतभर माती बरी असते. जूनमध्ये गवत जोमाने उगवतं, ऑगस्टमध्ये पाणी साचून पिवळं पडतं आणि पाऊस आठ दिवस उघडला की तिथंच सुकतं. मग दोष बियाण्याला, नाहीतर युरियाला. खालचा थर कोणी बघत नाही.

खड्ड्याची भिंत फावड्याने तासू नका. तासली की चिकणमाती चकाकते आणि सगळं सारखंच दिसतं. खुरप्याच्या टोकाने उचकटा. चोपण थर, म्हणजे सोडियम जास्त झालेला आणि पाणी अडवणारा थर, असेल तर ढेकळं कडक, टोकदार कडांची निघतात. गवताची मुळं तिथवर येऊन आडवी वळलेली असतात, काही तर ढेकळाच्या अंगाला चपटी चिकटलेली. बारीक पांढरे चुनखडीचे खडेही सापडतील.

आता त्या थरातलं हरभऱ्याएवढं कोरडं ढेकूळ काचेच्या पेल्यात ठेवा. पाणी पावसाचं, नाहीतर गॅरेजमधलं बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी, ॲसिड नव्हे. बोअरचं घेऊ नका, त्यातले क्षार खरा प्रकार झाकतात. हलवू नका. ढेकूळ नुसतं ढासळलं आणि पाणी नितळ राहिलं, तर फार काळजी नाही. ढेकळाभोवती पांढुरका ढग पसरून पाणी गढूळ झालं, तर थर चोपण आहे. दहा मिनिटांनी बघा, दोन तासांनी बघा, दुसऱ्या दिवशी सकाळी परत बघा. शेतातली ओळखही तीच, पण ती माझ्या नजरेची, प्रयोगशाळेची नाही: जोराच्या पावसानंतर डबक्यातलं पाणी दोन दिवसांनीही निवळलं नाही की मी चोपण धरतो. नुसत्या खारवट जमिनीवर ते निवळतं.

मग नमुने. वरच्या २० सेंमीची एक पिशवी, ३० ते ६० सेंमीची वेगळी. दोन्ही एकत्र केल्या तर मेहनत वाया. मृदा आरोग्य पत्रिकेतल्या बारा घटकांत विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना धरून असलेला) येत नाही, म्हणून ते आणि जिप्समची गरज वेगळी लिहून मागा. सामू (pH) ८.५ च्या वर, विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर आणि क्षारता (EC) मीटरला ४ डेसिसायमनच्या आत, म्हणजे चोपण. सोडियममुळे मातीचे कण सुटे होतात, भिजले की गिलाव्यासारखे बसतात आणि पाणी खाली जाऊ देत नाहीत.

जिप्सम त्या सोडियमची जागा कॅल्शियमला देतं. १०० ग्रॅम मातीतला १ मिलिसममूल्य (अहवालात meq) सोडियम हटवायला १५ सेंमी थरासाठी एकरी सुमारे पाऊण टन शुद्ध जिप्सम लागतं. शिफारस साधारण अहवालातल्या गरजेच्या निम्म्या मात्रेची, सोबत शेणखत. पण सुटलेला सोडियम जायला वाट हवी. उताराला चर नसेल तर जिप्समचे पैसे तिथंच अडकले. आधी चर, मग जिप्सम. खालच्या थरापर्यंत परिणाम पोचायला काही पावसाळे जातात, आणि येवल्याकडच्या कमी पावसात जास्तच.

दुकानात ‘जमीन सुधारक’ म्हणून बाटल्या पुढे करतात. हिशोब करा. ८० टक्के शुद्धतेच्या एक टन जिप्सममध्ये १८० किलोच्या वर कॅल्शियम असतं. बाटलीवर दहा टक्के लिहिलं असलं तरी एका लिटरमध्ये शंभर-सव्वाशे ग्रॅम. बाटलीतल्या ह्युमिक ॲसिडने सोडियम हटत नाही. चुनाही टाकू नका, या मातीत तो आधीच भरपूर आहे, फक्त विरघळत नाही.

आणि जेसीबी लावून जमीन उलथू नका. खालचा चोपण थर वर आला की चांगली वीतभर मातीही गेली. दरवर्षी कोणीतरी हे करतं, कारण खड्डा घेऊन खालचा थर आधी बघितलेला नसतो.

नेहमीची कामं:
– चरातला गाळ काढणे
– वेडी बाभूळ मुळासकट काढणे
– जिप्सम बारीक, कोरड्या दिवशी, वरच्या १०-१५ सेंमीत मिसळणे
– मोकळ्या पट्ट्यात धैंचा (हिरवळीचं खत), एकरी २०-२५ किलो, ४५ दिवसांनी गाडणे
– पाणी साचतं तिथं पॅरा गवताची ठोंबं, उंचवट्यावर ऱ्होड्स गवत
– असलेली हराळी राखणे

जिप्सम टाकल्यावर दोन चांगले पाऊस होऊन पानं धुऊन निघेपर्यंत जनावरं आत सोडू नका. एरवीही ओल्या चोपण कुरणात गाई-म्हशी नकोत, खुरांनी उरलीसुरली छिद्रंही बुजतात. माझा अंदाज टाचेवर चालतो: टाच दाबली आणि ठसा चकाकला, तर त्या दिवशी वैरण कापून गोठ्यात टाका. गायरान असेल तर चर खोदण्याआधी ग्रामपंचायतीला विचारा, मेंढपाळांनाही सांगा.

उन्हाळ्यात कुरणाला बोअरचं पाणी देत असाल तर त्याचाही नमुना याच फेरीत द्या. उर्वरित सोडियम कार्बोनेट (अहवालात RSC) लिटरला २.५ मिलिसममूल्याच्या वर निघालं, तर ते पाणी जमिनीतलं कॅल्शियम चुना करून बसवतं आणि जिप्समची मेहनत मागे नेते. अहवाल हातात येईपर्यंत ती मोटर बंद ठेवा.