गाणी गायब झाली, आकडा मात्र परत आला

सांगलीत विश्रामबागच्या खोलीत रेकॉर्ड केलेली माझी तीन गाणी एका सकाळी स्पॉटिफायवरून गायब! मागे वाजणारा तानपुरा अस्सल मिरजेचा, पण ऐकवायचा कुठे? शोधाशोध केल्यावर कळलं, गाणी स्पॉटिफायसारख्या ॲपवर पोचवणाऱ्या वितरण कंपनीची वर्गणी वार्षिक होती, माझ्या कार्डाची मुदत संपली होती आणि त्यांचा ईमेल स्पॅममध्ये पडून होता. निवडताना मी फक्त 'रॉयल्टी १०० टक्के तुमची' एवढंच वाचलेलं. वर्गणी थांबली की गाणी उतरतात, हे खाली बारीक अक्षरात.

मग हिशेब मांडला. दर महिन्याला गाणं काढणाऱ्याला वार्षिक वर्गणी परवडते. मी दोन वर्षांत तीन काढतो. म्हणून सीडी बेबी ही दुसरी वितरण कंपनी घेतली. तिथे प्रत्येक रिलीजला एकदाच फी, वर कमाईतले ९ टक्के त्यांचे. माझ्या कमाईच्या ९ टक्क्यांत कटिंग चहाही येत नाही, घेऊ देत.

खरी मेख आयएसआरसीची. हा १२ अक्षर-अंकांचा कोड म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख. गाणी पुन्हा चढवताना नवा कोड न घेता जुन्या खात्यातला शोधून तोच टाकला. ऑडिओ फाइल तीच, गाण्याच्या आणि माझ्या नावाचं स्पेलिंगही तेच. काही दिवसांत जुना प्लेचा आकडा परत दिसला. जीव भांड्यात पडला.

अजून एक. वितरक देतो ते रेकॉर्डिंगचे पैसे. गीतकार-संगीतकाराची रॉयल्टी वेगळी, तिच्यासाठी आयपीआरएसचं, म्हणजे ती रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हावं लागतं. तो अर्ज आता भरायला घेतलाय.